आरसा उशिरा वळला

एका पहाटे उल्का बघताना मी रेडिओ रिसीव्हरही लावला होता. एका तेजस्वी उल्केनंतर चार सेकंदांनी आलेला प्रतिध्वनी त्याच उल्केचा, असं मी लेखात लिहिलं. त्यावर, "रेडिओलहर प्रकाशाच्या वेगाने जाते. मग उल्का दिसल्यावर चार सेकंदांनी आलेला प्रतिध्वनी त्याच उल्केचा कसा? बाकीचे पिंगही (रिसीव्हरवरचे क्षणिक टुणकन आवाज) विमानांचेच असणार," असं तुम्ही लिहिलंत. पहिला प्रश्न फक्कड आहे. दुसऱ्यात जरा घाई झाली.

घड्याळाची शंका आधी काढून टाकतो. रिसीव्हरचा आवाज स्पीकरवर चालू होता आणि शुक्राहून तेजस्वी असा तो अग्निगोल दिसताच मी "गेली!" म्हणून ओरडलो. दोन्ही आवाज एकाच रेकॉर्डिंगमध्ये आहेत. ओरडायला मला अर्धा सेकंद लागला असेल, तर खरा उशीर चार सेकंदांहूनही जास्त निघतो, म्हणजे तुमचंच पारडं जड होतं.

लहर वेळेवरच होती, तिला परतवणारा आरसा उशिरा वळला. उल्का साधारण 80 ते 110 किलोमीटर उंचीवर जळते आणि मागे आयनीभूत (विद्युतभारित) हवेची लांबलचक, बारीक रेघ सोडते. स्टीलची सळई दिव्याखाली धरून बघा. चमक एका ठरावीक कोनातच डोळ्यांत येते, मनगट किंचित फिरवलं की गायब. क्षितिजापलीकडच्या प्रक्षेपकाची (ट्रान्समीटरची) लहर माझ्या अँटेनाकडे वळायला असाच कोन जुळावा लागतो. त्या रेघेचा तो सुरुवातीला जुळला नसावा. पण तिथे वारे वाहतात, वेगवेगळ्या उंचीवर वेगवेगळ्या दिशांना, आणि काही सेकंदांत रेघ वेडीवाकडी होते. त्यातलं एखादं वळण नेमक्या कोनात आलं की प्रतिध्वनी सुरू. क्षीण उल्केची रेघ सेकंदाच्या आतच विरते, तिला वाकायला सवडच नसते. म्हणून हा उशीर तेजस्वी उल्कांच्याच वाट्याला येतो.

विमान स्पेक्ट्रोग्रामवर (वेळेनुसार आवाजाची वारंवारता दाखवणाऱ्या चित्रावर) तिरकं, सावकाश सरकत जातं. पिंग मधेच टपकतो. एकदा दोन्ही शेजारी पाहिलेत की गल्लत होणार नाही.

तरी एक चूक कबूल. मी "त्याच उल्केचा" असं ठोकून दिलं, तिथे "बहुधा" हवं होतं. एका अँटेनावरून रेघ आकाशात कुठे होती ते कळत नाही. मला कधीच न दिसलेली, क्षितिजालगतची दुसरी उल्काही असू शकते. माझा भरवसा एवढ्यावरच, की तो प्रतिध्वनी 22 सेकंद टिकला आणि त्या अख्ख्या पहाटे 5 सेकंदांपलीकडे गेलेला दुसरा नव्हता.

"डोळ्यांना दिसेल तेच खरं" हे तुमचं म्हणणं मात्र पटत नाही. 1947 साली इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँक वेधशाळेच्या रडारने दिवसाढवळ्या होणारे उल्कावर्षाव शोधले. जूनमधला एरिएटिड वर्षाव त्यातलाच. तो सूर्याच्या इतक्या जवळच्या दिशेने येतो की डोळ्यांना उजाडण्याआधी एखाददुसरीच उल्का सापडते. आणि रेडिओचीही फार फुशारकी नको, त्या पहाटे मी पाहिलेल्या 9 ठळक उल्कांपैकी 6 जणींच्या वेळी तो गप्पच होता.

लेखात "बहुधा" घातलं आहे. रेकॉर्डिंगचा तो अर्ध्या मिनिटाचा तुकडाही जोडलाय, फक्त ऐकताना आवाज कमी ठेवा, मी फारच जोरात ओरडलोय.