शिरोडकरला विचारलं का कुणी?

शिरोडकर म्हणजे 'शाळा' कादंबरीतल्या हिरोला आवडणारी मुलगी, तिच्यापर्यंत येतेच. पोस्ट लांबलचक होणारे, आधीच सांगते. चहा घेऊन बसा नाहीतर सरळ स्क्रोल करा, राग नाही.

तर झालं असं की एसवायला, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, आम्हाला मराठीच्या मॅडमनी एक काम मागे लावलं. दर महिन्याला एक पुस्तक वाचायचं, शक्यतो बारा ते अठरा वयाच्या पोरापोरींबद्दलचं, आणि शंभर पानी वहीत त्यावर लिहायचं. सारांश नको, परीक्षण नको, लेखकाचा जन्म कुठल्या गावी झाला तेही नको. "वाचताना तुला काय झालं तेवढंच लिही" म्हणाल्या. ऐकायला किती सोपं ना? पहिल्या महिन्यात मी चार पानं भरून दिली आणि मॅडमनी खाली लाल पेनने एवढंच लिहिलं, "यात तू कुठंच नाहीस."

आणि खरंच नव्हते हो. परत वाचलं तर सगळं 'लेखकाने किशोरवयीन भावविश्वाचे अत्यंत हृद्य चित्रण केले आहे' असलं. आता यात माझा एकटीचा दोष नाहीये. दहावीला रसग्रहण म्हणजे काय तर आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे तीन खण, प्रत्येक खणात दोन-तीन वाक्यं टाकायची, कविता पावसावरची असो नाहीतर गिरणी कामगारांवरची, वाक्यं तीच. क्लासमध्ये तयार वाक्यांची झेरॉक्सच फिरायची. 'ही कविता मला आवडली कारण' याच्या पुढची कारणंसुद्धा त्यात छापलेली, म्हणजे मला काय आवडलं हे मला झेरॉक्सवाल्याकडून कळायचं. गंमत म्हणजे आमची २०२१ ची बॅच, आमची बोर्डाची परीक्षाच झाली नाही, तरी ती वाक्यं अजून पाठ आहेत.

मग दुसऱ्या महिन्यात मी 'श्यामची आई' घेतलं. पप्पांचं लाडकं पुस्तक, घरात होतंच, आणि साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं हे पप्पांनी इतक्या वेळा सांगितलंय की ते मला माझ्या वाढदिवसासारखं लक्षात आहे. यावर काही खरं लिहायचं म्हणजे मोठंच धाडस. पण लिहिलं. तो प्रसंग आहे बघा, श्याम अंघोळ करून उभा आहे, तळव्यांना माती लागेल म्हणून खाली पाय ठेवायला तयार नाही आणि आई आपलं लुगडं धोंड्यावर पसरते त्याच्या पायांसाठी. शाळेत यावर प्रश्न यायचा की यातून श्यामला काय शिकायला मिळाले. मी वहीत लिहिलं की मला आधी हे डोक्यात आलं की ते लुगडं आता धुणार कोण. बास, एवढंच. मॅडमनी शेजारी बरोबरची खूण केली आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू, आयुष्यात पहिल्यांदा चुकीचं उत्तर बरोबर आलं होतं.

तिथून मला चटक लागली. तिसऱ्या महिन्यात 'शाळा'. मिलिंद बोकीलांची, २००४ ची. ज्यांनी नुसता पिक्चर बघितलाय त्यांनी प्लीज पुस्तक वाचा. मी पहिल्यांदा वाचलं ते लॉकडाऊनमध्ये, २०२० च्या उन्हाळ्यात, नुकतीच नववी संपलेली, म्हणजे संपली कसली, मधेच तुटली, आणि आत्याकडे दादाच्या कपाटात हे सापडलं. पुस्तकातली गोष्ट सांगणारा जोशीपण नववीतच. त्याच्याकडे आणीबाणी, आमच्याकडे कोरोना. बाहेर पोलीस, आत आम्ही सगळे, आणि मी गच्चीत बसून जोशी आणि त्याच्या दोस्तांबरोबर त्यांच्या अड्ड्यावर, अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगमध्ये बसलेले. दोन दिवसांत संपवलं. मी तेव्हा आख्खीच्या आख्खी जोशी होते. शिरोडकर रस्त्यावरून आली की माझ्या पोटात गोळा यायचा, शेवटी ती गाव सोडून जाते तेव्हा मी जेवले नव्हते, आत्याला वाटलं मला ताप आलाय आणि त्या दिवसांत ताप म्हणजे काय हे तुम्हाला माहितीच आहे, घरात नुसता गोंधळ.

आता पाच वर्षांनी परत वाचलं. तीच कॉपी, दादाकडून मागून आणली. आणि पन्नासएक पानं झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी त्या बिल्डिंगमध्ये बसलेलीच नाहीये. मी खाली रस्त्यावर आहे. मी चालतेय आणि वरून चार पोरं बघतायत.

हे असं बदललं ते पुस्तकामुळे नाही, मधल्या वर्षांमुळे. एसटी स्टँडवरून आमच्या कॉलेजला जायच्या रस्त्यावर एक कट्टा आहे, तिथं रोज सकाळी पावणेआठला पोरं असतात, वाईट आहेत असं नाही, बरीचशी फक्त बसलेली असतात, पण तिथून जाताना आमच्यातली प्रत्येक जण ओढणी नीट करते, मोबाइल काढते, उगाच मैत्रिणीला काहीतरी सांगायला लागते. आठवीत असताना आमच्या शाळेच्या सायकल स्टँडपाशी एक मुलगा थांबायचा. काही बोलला नाही कधी. नुसता थांबायचा. त्याच्या डोक्यात कदाचित माझ्यावर आख्खी कादंबरी तयार असेल. मी दीड महिना मागच्या गल्लीतून, गटार ओलांडून शाळेला गेले. मम्मीला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्या मुलाला कुणी काही बोललं नसतं, माझी सायकल मात्र बंद झाली असती आणि पप्पा सोडायला यायला लागले असते आणि पुढच्या वर्षी क्लास नको, घरीच कर अभ्यास. हे गणित आठवीतल्या प्रत्येक मुलीला येतं. कुणी शिकवावं लागत नाही.

म्हणून त्या पुस्तकात जोशीचा दोस्त सुऱ्या त्याला आवडणाऱ्या केवडाला थेट जाऊन विचारतो आणि मग प्रकरण वरपर्यंत जातं, त्या भागाशी मी अडकले. पहिल्या वेळी मला सुऱ्याची काळजी वाटली होती, आता मार बसणार बिचाऱ्याला. या वेळी मी पुस्तक पालथं ठेवलं आणि विचार करत बसले की केवडाच्या घरी त्या रात्री काय झालं असेल. जेवण झालं का? बापानं सुऱ्याबद्दल बोलण्याआधी तिला काय विचारलं असेल? 'तूच हसली असशील' असं आज्जी म्हणाली असेल का? दुसऱ्या दिवशी शाळेला गेली तेव्हा बाकावर शेजारची सरकून बसली का? यातलं काहीच जोशीला दिसत नाही. दिसणार कसं, तो पोरगा आहे नववीतला.

आणि इथं मला पुस्तकाच्या बाजूनेही बोलायचंय, कारण मला माहितीये आता कॉमेंटमध्ये 'आजकालच्या मुलींना सगळ्यातच प्रॉब्लेम' सुरू होईल. बोकीलांनी मला फसवलेलं नाहीये. त्यांनी जोशीला जेवढं दिसतं तेवढंच दाखवलंय, एक इंच जास्त नाही, आणि म्हणूनच ते इतकं खरं आहे. जोशी बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे, त्याला शिरोडकरबद्दल जे वाटतं त्यात घाण काही नाही. पण ती आपल्या लक्षात राहते ती आडनावानं. आमच्या वर्गातपण पोरं आम्हाला आडनावानंच हाका मारायची, त्यामुळे हे किती अचूक आहे ते मला पटतं. फक्त तिला घरी काय म्हणत असतील, ती कुठं बसून अभ्यास करायची, तिला जोशी आवडला होता की त्याच्याशी बोलताना मिळणारी ती दहा मिनिटं आवडली होती, हे कोण सांगणार? माझा मित्र म्हणाला, "अगं पण गोष्ट त्याची आहे ना." बरोबर आहे. मग तिची कुठं ठेवलीये तेवढं सांग, मी जाऊन घेऊन येते.

चौथ्या महिन्यात लंपन, प्रकाश नारायण संतांच्या कथांमधला पोरगा. आमच्या कराडकरांना लंपन म्हणजे घरचा माणूस, कारण संत इथंच कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. 'वनवास' वाचा, नंतर 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर'. २०२४ ला त्याच्यावर वेबसीरिज आली तेव्हा आमच्याकडे दोन आठवडे सगळे लंपनसारखं एकमेकांना 'मॅड' म्हणत होते. आईवडिलांपासून लांब, आज्जी-आजोबांकडे राहणारा पोरगा, बेळगावकडची ती कानडी हेल असलेली मराठी, आणि डोक्यात सतत काहीतरी चाललेलं. मी वहीत सात पानं लिहिली, त्यातली पाच नुसती माझ्या आज्जीबद्दल होती, मॅडम काही बोलल्या नाहीत. पण सुमी! लंपनची ही मैत्रीण मला जाम आवडते, ती शिरोडकरपेक्षा बरंच बोलते, लंपनला गप्पही करते, तरी ती दिसते ती लंपनच्याच डोळ्यांतून, चमचमणारी. सुमीला कधी पोटात दुखलं नसेल का, शाळेला दांडी मारावीशी वाटली नसेल का? जाता जाता, संतांच्या पत्नी डॉ. सुप्रिया दीक्षित यांचं 'अमलताश' नावाचं आत्मचरित्र आहे. सुमीची बाजू नाही मिळाली तरी लंपन लिहिणाऱ्याच्या बायकोची बाजू मिळते. ते वहीत चाललं नसतं, वयात बसत नाही, पण मी वाचलं.

(फास्टर फेणेबद्दल काही बोलणार नाही. फुरसुंगीचा बन्या फेणे माझा लहानपणीचा हिरो आहे, त्याला या भांडणात ओढायचं नाही. ट्टॉक.)

मग म्हटलं मराठी बास, इंग्रजी बघू, आणि लायब्ररीत मिळालं 'द आउटसायडर्स', एस. ई. हिंटन. माझं इंग्रजी म्हणजे शेजारी मोबाइल उघडा ठेवून चालणारं, महिना पुरला नाही. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात टल्सा नावाचं शहर, तिथल्या पोरांच्या दोन टोळ्या, एक गरीब केसाला तेल चोपडणारी आणि एक गाडीतून फिरणारी श्रीमंत. सांगणारा पोनीबॉय चौदा वर्षांचा, आईवडील अपघातात गेलेले, दोन मोठे भाऊ. मोठा भाऊ खेकसतो कारण त्याला घर चालवायचंय, हे मला दुसऱ्याच प्रकरणात कळलं, पोनीबॉयला शेवटी कळतं, आमच्या दादाला ही पोस्ट टॅग करतेय.

एस. ई. म्हणजे कुणी जाड्या मिशांचा माणूस असेल अशी माझी समजूत होती. नंतर बघते तर बाई! बाई पण नाही, मुलगी. सुझन. लिहायला सुरुवात केली तेव्हा पंधरा वर्षांची, १९६७ ला पुस्तक आलं तेव्हा अठराची. नाव आखूड केलं प्रकाशकाच्या सांगण्यावरून, मुलीनं पोरांच्या मारामाऱ्या लिहिल्यात म्हटल्यावर लोक सिरियसली घेणार नाहीत म्हणून. आणि ज्या वर्षी ती हे लिहीत होती त्या वर्षी शाळेत तिला लेखनाच्या विषयात डी ग्रेड मिळाला होता, हे वाचून मी एकटीच लायब्ररीत हसले.

मला दोन्ही झालं, खूप भारी वाटलं आणि चिडचिडपण झाली. भारी यासाठी की हे चाळिशी-पन्नाशीतल्या कुणी आठवून आठवून लिहिलेलं नाही, त्याला तो मऊ उजेड नाही पडलेला, राग गरम आहे अजून. आपल्याकडे शाळेबद्दल लिहिणारा माणूस शाळा सोडून तीस-पस्तीस वर्षं झाल्यावर लिहितो आणि मग सगळं जरा सुंदरच आठवतं. चिडचिड यासाठी की पंधरा वर्षांची मुलगी लिहायला बसली तरी तिनं आवाज घेतला तो मुलाचाच. तिच्या पुस्तकातपण चेरी म्हणून मुलगी आहे, हुशार, स्पष्ट बोलणारी, आणि तीही आपल्याला पोनीबॉयच्याच नजरेतून भेटते. म्हणजे टल्सा काय आणि आमचा एसटी स्टँड काय.

शेवट सांगतेय, ज्यांना वाचायचंय त्यांनी ही ओळ सोडा. शेवटी कळतं की हे आख्खं पुस्तक म्हणजे पोनीबॉयनं इंग्रजीच्या सरांसाठी लिहिलेला निबंध आहे, नापास होऊ नये म्हणून दिलेला. मी ते वाचलं आणि माझ्या शंभर पानी वहीकडे बघितलं.

तर आता मार्चची एन्ट्री द्यायचीय आणि पुस्तक ठरलेलं नाही. मी शिरोडकरच्या आवाजात दोन पानं लिहून बघितली. घरून निघणं, मैत्रिणीला हाक मारणं, रस्ता, ती अर्धवट बिल्डिंग लांबून दिसणं, इथपर्यंत झकास जमलं. मग ती वर बघते का नाही हेच ठरेना. बघितलं तर एक गोष्ट होते, नाही बघितलं तर दुसरी. तिथंच पेन अडकलंय चार दिवस झाले.

तोपर्यंत मदत करा. नववी-दहावीतल्या मुलीनं स्वतःच्या तोंडानं सांगितलेली मराठी कादंबरी, सुचवा. 'तोत्तोचान' नको, ते माझं पाठ आहे आणि ती पहिलीतली आहे आणि जपानची आहे. डायऱ्या नकोत, कादंबरीच पाहिजे. गावाकडची असेल तर आधी. मुलगी आदर्श नसली तर फारच बरं. अट एकच, शेवटी ती गाव सोडून जायला नको.