युवक महोत्सव कसा उरकावा

अभिनंदन, सर! यंदाचा जिल्हास्तरीय युवक महोत्सव तुमच्या महाविद्यालयात व्हायचा आहे आणि प्राचार्यांनी तुम्हाला न विचारताच समन्वयक म्हणून तुमचं नाव विद्यापीठाला कळवून टाकलंय. तुम्ही अर्थशास्त्र शिकवता, शेवटचं नाटक कधी पाहिलं तेही आठवत नाही, म्हणून धास्तावला असाल. अजिबात धास्तावू नका. ज्याला नाटकातलं कळतं त्याला हे काम देतच नाहीत. तो उगाच लाइट कुठे टांगायचे वगैरे विचारत बसतो. मी बरीच वर्षं मुलांचे संघ घेऊन असल्या महोत्सवांना जातोय, परवाच एक आटोपून आलोय, आणि तिथलं नियोजन असं डोळे दिपवणारं होतं की ते ज्ञान स्वतःपाशी दडवून ठेवणं बरं नव्हे. घ्या लिहून.

आधी एक मनाशी पक्कं करा. महोत्सव अहवालासाठी असतो. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात सांस्कृतिक कार्यक्रम किती झाले आणि बक्षिसं किती मिळाली हे भरायचं असतं. कार्यक्रम ऐकू आला का, दिसला का, पुरा झाला का, असा रकाना तिथे नाही. तेव्हा फोटोग्राफर आधी ठरवा, परीक्षकांचं नंतर बघू. फोटोच्या कोपऱ्यात अक्षांश-रेखांश उमटले पाहिजेत. मुलगी कुठला राग गात होती ते काही फोटोत उमटत नाही.

फ्लेक्सवर पंचवीस चेहरे असावेत आणि त्यातला एकही विद्यार्थ्याचा नसावा.

महाविद्यालयात चांगलं सभागृह आहे? उत्तम. त्याला कुलूप लावा. खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही, ते संस्थेच्या वर्धापनदिनाला निघेल. मुलांसाठी मैदानात मांडव घाला, आणि मांडवाला लागून दुसरा मांडव घाला, म्हणजे एकात शास्त्रीय गायन आणि दुसऱ्यात लोकनृत्य एकाच वेळी होऊन वेळ वाचेल. ढोलकीच्या साथीनं ख्याल गाण्याची संधी एरवी कुणाला मिळते?

रांगोळीवाल्यांना व्हरांडा द्या. जिथून सगळ्यांची ये-जा असते तोच. स्पर्धेला अडीच तास असतात. अडीच तास ती पोरं पाठ मोडून ठिपके जोडतील आणि शेवटच्या दहा मिनिटांत पदाधिकाऱ्यांची पाहणी काढा. बूट न काढता.

परीक्षकांच्या बाबतीत मात्र सावध राहा. पुण्यात 1963 पासून पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा चालते. तिथे 2022 साली अंतिम फेरीच्या परीक्षकांनी त्या दर्जाचं काही झालंच नाही असं म्हणून करंडक कुणालाच दिला नाही. केवढा गदारोळ झाला! पण त्यांनी सगळ्या एकांकिका शेवटपर्यंत बसून पाहिल्या होत्या, तेव्हाच त्यांना असं म्हणता आलं. असली माणसं आपल्याला परवडायची नाहीत. आपला परीक्षक अर्धा वेळ मोबाइलवर असावा, गुणपत्रिका कोरी ठेवून चहाला जाणारा असावा, आणि निकालाच्या वेळी ‘सगळेच विजेते आहेत’ म्हणणारा असावा.

संहिता पंधरा दिवस आधी मागवा. वाचू नका, नुसत्या चाळा, आणि जिथे ‘जात’, ‘मोर्चा’ किंवा ‘कुलगुरू’ दिसेल तिथे लाल खूण करा. पोवाडा चालेल, पण शाहिरानं तीनशे वर्षांच्या अलीकडे येऊ नये. लावणी करणाऱ्या मुलीचा पदर तपासायला तीन जणांची समिती नेमा. संध्याकाळी डीजेवर जे वाजेल त्याला समिती लागत नाही. तो तरुणाईचा जल्लोष असतो.

प्रमाणपत्रावर नाव चुकवाच. बरोबर नाव आलं तर मुलं पुन्हा कार्यालयाकडे फिरकत नाहीत, संपर्क तुटतो.

आता मुख्य विषय. उद्घाटन.

पत्रिकेवर सकाळी नऊ छापा. मुलं पहाटेची एसटी पकडून, तोंडाला रंग लावून, साडेआठला हजर होतील. स्वागतगीताच्या मुली नऊवारी नेसून व्यासपीठाशेजारी उभ्या राहतील. साडेनऊला माईकवरून सांगा, ‘साहेब निघालेत.’ साडेदहाला सांगा, ‘साहेब पोहोचतच आहेत.’ या दोन वाक्यांवर पावणेबारा गाठता येतात, परवा गाठले. मग साहेब आले. त्यांच्यासोबत आणखी माणसं आली, त्यामुळे व्यासपीठावर खुर्च्या वाढल्या, त्यामुळे सत्काराच्या यादीत नावं वाढली. समई तेवायला तयार नाही, कारण पाहुण्यांसाठी लावलेला पंखा थेट तिच्यावर. पंखा बंद करायचा कुणाला सुचेना. मग सत्कार. लग्नात आहेर मांडतात तसा एकेकाला शाल, श्रीफळ, रोपटं, पुस्तक, आणि प्रत्येकासाठी देणारा माणूस वेगळा, कारण देणाऱ्याचाही फोटो हवा. मग प्रास्ताविक. मग प्रास्ताविकात ज्यांची नावं राहिली त्यांची नावं. मग साहेब उभे राहिले आणि म्हणाले, ‘मी फार वेळ घेणार नाही.’

इथे तुम्हाला एक तांत्रिक माहिती देतो. युवक महोत्सव एआययूच्या, म्हणजे भारतीय विद्यापीठ संघाच्या, नियमावलीच्या धर्तीवर चालतात. तिच्यात एकांकिकेला 30 मिनिटं आहेत, प्रहसनाला 10, मूकाभिनयाला 5, मिमिक्रीला 5, शास्त्रीय गायनाला 15. वेळ संपत आली की घंटा वाजते, वर गेलात तर गुण कापतात. पोरं घड्याळ लावून तालमी करतात. एक विराम दोन सेकंदांनी कमी करावा का, यावर आमच्याकडे रात्री भांडणं होतात. त्या अख्ख्या नियमावलीत प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाला वेळमर्यादा नाही. त्यांच्यासाठी घंटाही नाही. साहेब मोबाइलच्या दुष्परिणामांवर बोलले, आपल्या महान संस्कृतीवर बोलले, त्यांच्या कॉलेजच्या दिवसांत त्यांनी नाटकात भालदाराचं काम केलं होतं त्यावर बोलले, आणि ‘तुमची कला बघायची फार इच्छा आहे, पण पुढचा कार्यक्रम आहे’ असं म्हणून निघून गेले. त्यांच्या मागोमाग व्यासपीठ उठलं, व्यासपीठामागोमाग पुढच्या चार रांगा उठल्या. दीड वाजला होता. एकाही विद्यार्थ्यानं अजून एक सूर लावला नव्हता.

मग सुरू झालं ‘आटपा’. शास्त्रीय गायनाची एक मुलगी, आमच्या संघातली नव्हे, सकाळपासून दोनदा तानपुरा लावून बसलेली. तिला पायरीवर असताना सांगितलं, पंधराऐवजी सहा मिनिटं. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, एकतालाचं एकेक आवर्तनच जवळजवळ मिनिटभर चालतं हे सांगणार कुणाला? बॅज लावलेल्या स्वयंसेवकाला? ती शहाणी. तिनं विलंबित सोडूनच दिला आणि थेट द्रुत बंदिश उचलली. शेजारच्या मांडवात हलगी चालूच होती. परीक्षकांचा शेरा मी नंतर वाचला: ‘आलापी कमी पडली.’

आमची एकांकिका शेवटची. ‘सर, आपलं कधी?’ हा प्रश्न मुलांनी मला किती वेळा विचारला ते सोडा. आम्हाला रंगमंच मिळाला रात्री साडेनऊला. लाइट्सची यादी मी आधीच पाठवली होती. उत्तर मिळालं, ‘सर, एलईडी वॉल आहे ना!’ होती. पाठीमागे भिंतभर. मी म्हटलं, नाटकापुरती ती बंद करा. तर ती बंद करण्याचा अधिकार ऑपरेटरला नाही, कारण त्यावर संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो आहे आणि फोटो घालवला तर उद्या त्याच्यावर येईल. आमच्या नाटकात एक ब्लॅकआउट आहे. त्या अंधारात एक माणूस मरतो. परवा तो अध्यक्षांच्या हसऱ्या चेहऱ्याखाली, ‘हार्दिक स्वागत’ या अक्षरांच्या गुलाबी उजेडात मेला. लोक हसले. मीही समजू शकतो, मीपण हसलो असतो.

आणि दहा वाजले. विसाव्या मिनिटाला माईक बंद, लाइट बंद, आणि समन्वयक स्वतः हातात कॉर्डलेस घेऊन भर रंगमंचावर. ‘ध्वनी प्रदूषणाच्या नियमानुसार दहानंतर ध्वनिक्षेपक चालवता येत नाही, संबंधित संघानं रंगमंच रिकामा करावा.’ नियम खरा आहे. ध्वनी प्रदूषण नियम, 2000. रात्री 10 ते सकाळी 6. पण त्याच नियमांत शैक्षणिक संस्थेभोवतीचा 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करण्याची तरतूद आहे, ते दुपारी मैदान हादरवणारा डीजे लावताना कुणाला आठवलं नव्हतं. आणि दहाची अट बंदिस्त सभागृहाला नाही. कुलूप लावलेलं ते सभागृह मांडवापासून हाकेच्या अंतरावर होतं. सर, खरी कमाल पुढे आहे. मुलं लेव्हल्स, म्हणजे नेपथ्याचे चौथरे, उचलत असताना, सव्वादहाला, त्याच माईकवरून, आभार प्रदर्शन झालं. पूर्ण. साहेबांचे, अध्यक्षांचे, मांडववाल्याचे, एलईडी वॉलवाल्याचे. ते ध्वनी प्रदूषणात येत नाही.

नाही जमत आता मला गंमत करायला.

लाज वाटायला पाहिजे तुम्हा लोकांना. नवीन समन्वयक झालेल्या सरांना नाही म्हणत, ज्यांनी परवाचा तो प्रकार केला आणि दरवर्षी कुठे ना कुठे करतात त्यांना म्हणतोय. ही मुलं तास संपल्यावर पार्किंगच्या शेडमध्ये तालमी करतात, कारण तालमीला वर्ग उघडून द्यायला शिपाई थांबत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात सांस्कृतिक उपक्रमांना श्रेयांक आहेत म्हणून तुम्ही भाषणं ठोकता आणि त्याच मुलांची हजेरी 75 टक्क्यांच्या खाली गेली की त्यांना परीक्षेचा फॉर्म अडवून दाखवता. मुलींना कपडे बदलायला खोली नव्हती. ग्रीनरूम म्हणून फलक लावलेली खोली होती, तिच्यात पाहुण्यांचं चहापान मांडलं होतं आणि दाराशी माणूस उभा होता. चार संघांच्या मुलींनी टेम्पोच्या मागे चादरी धरून कपडे बदलले. पाहुण्यांना नाश्त्याला खोली मिळते आणि मुलींना दार मिळत नाही, हे तुमच्यापैकी एकाच्याही डोळ्यांवर आलं नाही? महिला प्राध्यापक होत्या तिथे. त्यांच्याही नाही?

जिल्ह्यातून निवडलेला संघ विद्यापीठाच्या फेरीत जातो, तिथून इंद्रधनुष्य या राज्यस्तरीय महोत्सवाला, पश्चिम विभागाला, जमलं तर राष्ट्रीय महोत्सवाला. गावातल्या कॉलेजच्या पोराला खऱ्या रंगमंचावर उभं राहायची हीच एक वाट आहे. त्याच्या गावात नाट्यगृह नाही, क्लासची फी त्याच्या बापाला झेपत नाही. ती वाट तुम्ही सत्कारांनी अडवून ठेवलीत. यात पैसा नाही म्हणून अडलं असंही नाही. एलईडी वॉलला पैसा होता. शालींना होता. पाहुण्यांसाठी घंटा ठेवायला काय लागतं? सभागृहाची किल्ली आणायला काय लागतं? साहेब नऊला आले नाहीत तर मुलांमधल्याच कुणाच्या तरी हातून समई लावून सव्वानऊला पडदा उघडा. कोण फाशी देणार आहे तुम्हाला? आणि एवढी हिंमत नसेल, तर महोत्सव मागून घेऊ नका. विद्यापीठाला लेखी कळवा की आम्हाला झेपत नाही. दुसरं कॉलेज घेईल.

आणि हो, ती विसाव्या मिनिटाला तुम्ही तोडलेली एकांकिका गुणतक्त्यात ‘अपूर्ण सादरीकरण’ म्हणून बाद ठरवली आहे. अर्ज दिलाय. अजून त्यावर साधी पोच मिळालेली नाही. ती आधी द्या.