‘सगळं अनसाइन्ड करा’ एवढ्यानं का भागत नाही

तुमचा आक्षेप असा: कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) लांबी, आकार, मोजणी सरसकट अनसाइन्ड, म्हणजे उणे आकडा न घेणाऱ्या टाइपात ठेवा, चुकलंच तर कंपायलर ओरडेल, साइन्ड (उणे आकडेही घेणारा) आणि अनसाइन्ड यांचा मेळ घालत बसणं म्हणजे उगाच कीस काढणं.

अर्धं मान्य. २००२ साली फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमीत गेटपीअरनेमसारख्या सिस्टिम कॉलला (प्रोग्रॅमनं कर्नलकडे केलेल्या मागणीला) उणे लांबी दिली, की ती कमाल मर्यादेच्या तपासणीतून सुटायची, कारण उणे संख्या मर्यादेपेक्षा लहानच. पुढे कॉपी करताना तीच अनसाइन्ड म्हणून प्रचंड व्हायची आणि कर्नलची मेमरी यूजरच्या हाती पडायची. तिथे तुमचा उपाय चालला असता.

पण २०२१ मध्ये उघड झालेला लिनक्सचा ‘सिक्वोया’ दोष बघा. तिथे आकार अनसाइन्डच होता! सेक-फाइल हा कर्नलमधली माहिती फाइलसारखी वाचायला देणारा भाग; त्याचा बफर पुरला नाही की दुप्पट होतो. १ जीबीहून लांब पाथ (डिरेक्टरीचा पत्ता) तयार केला की बफर २१४७४८३६४८ बाइटवर पोचतो. साइज-टी या रुंद अनसाइन्ड टाइपमध्ये हा आकडा आरामात मावतो, पण पाथ लिहिणारं फंक्शन लांबी घेतं साध्या इंटमध्ये, म्हणजे ३२ बिटांच्या साइन्ड टाइपमध्ये. तिथे झाले उणे २१४७४८३६४८. हे फंक्शन बफरच्या शेवटाकडून मागे लिहीत येतं. आता तो ‘शेवट’च बफरच्या २ जीबी अलीकडे गेला. डिरेक्टरी पुसलेली असेल तर आधी ‘//डिलीटेड’ ही खूण लिहायची, शेवटच्या नल बाइटसकट १० बाइट. लांबीतून १० वजा होतात, मग ती शून्याखाली गेली का ते पाहिलं जातं. खरी मेख इथे आहे: इंट आधीच तळाला, म्हणजे त्याच्या सर्वांत लहान आकड्यावर, त्यामुळे वजाबाकी उलटून उत्तर येतं अधिक २१४७४८३६३८. तपासणी पास, १० बाइट भलत्याच जागी, आणि तेवढ्यावरून साध्या यूजरला रूट, म्हणजे सिस्टिमवरचे सर्वाधिकार मिळवता आले. दुरुस्ती छोटीच होती: बफर २१४७४७९५५२ बाइटपेक्षा मोठा मागितला तर नकार.

कंपायलर इथे ओरडत नाही. जीसीसी या कंपायलरला ‘वॉल’ आणि ‘एक्स्ट्रा’ हे वॉर्निंगचे दोन्ही पर्याय दिले तरी साइज-टीचा इंट होताना तो गप्प असतो. त्यासाठी ‘कन्व्हर्जन’ वॉर्निंग लागते; लिनक्सच्या बिल्डमध्ये ती डब्ल्यू=३ या वॉर्निंगच्या पातळीला सुरू होते आणि तिथल्या वॉर्निंगच्या गर्दीत कामाची ओळ हरवते.

शिवाय सगळं अनसाइन्ड करता येतच नाही. कर्नल चूक सांगतो ती उणे आकड्यात. चुकीच्या पत्त्यासाठी उणे १४. ती ३२ बिटांच्या अनसाइन्डमध्ये घेतली की ४२९४९६७२८२ होते, ‘शून्याहून कमी’ ही अट कधीच खरी ठरत नाही, आणि पुढचा कोड तिला लांबी समजतो.

म्हणून पॅच (कोडमधला बदल) तपासताना यूजरकडून आलेली लांबी मेमकॉपीपर्यंत, म्हणजे मेमरी कॉपी करणाऱ्या फंक्शनपर्यंत बोट ठेवून वाचा. जिथे टाइप बदलतो किंवा अरुंद होतो, तिथे मर्यादेची तपासणी त्याच्या आधी, रुंद टाइपमध्येच हवी. मिन-टी (दिलेल्या टाइपात दोन आकड्यांतला लहान निवडणारा मॅक्रो) दिसला तर जास्तच थांबा: त्याला टाइप म्हणून इंट दिला की मोठी अनसाइन्ड लांबी उणे होऊन ‘लहान’ ठरते आणि तीच पुढे जाते. तिथे साइज-टी लिहा.