हा बचत गट नव्हे, भाऊ

कापसाचे चुकारे आले आणि भाच्याच्या मोबाइलवर हा फॉरवर्डही आला: 'मीम कॉइन म्हणजे नवा बचत गट. भाव पडला तरी कुटुंब टिकते. विकेल तो गद्दार. अमेरिकेने मान्यता दिली.' पोरगा विचारतो, 'मामाजी, टाकू का दहा हजार?' म्हणून लिहितो आहे. मीम कॉइन म्हणजे इंटरनेटवरच्या गमतीजमतींच्या नावाने काढलेलं डिजिटल नाणं.

बचत गटाचं नाव घेताना यांना लाज वाटायला पाहिजे होती. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात बाया दर महिन्याला ठरलेली रक्कम टाकतात, वहीत मांडतात, त्यातूनच एकमेकींना कर्ज देतात. हप्ता थकला तर कोणाच्या दारात जायचं हे ठाऊक असतं. कॉइनमध्ये सगळ्यात जास्त माल कोणाकडे आहे त्याचं नावही सहसा कळत नाही, वॉलेटचा, म्हणजे डिजिटल पाकिटाचा, आकडे-अक्षरांचा पत्ता तेवढा दिसतो. आणि तिथे तुम्हाला नफा देणार कोण? तुमच्यानंतर महागात घेणारा. 'विकू नका' हा उपदेश त्यासाठीच. तुम्ही थांबलात की भाव टिकतो आणि ज्याने नाणं काढलं तो आपला माल तुमच्या गळ्यात मारून मोकळा होतो. 2021 मधलं 'स्क्विड' नाणं बघा. घेणाऱ्यांना ते विकताच येत नव्हतं. भाव 2,800 डॉलरच्या वर गेला, मग काही मिनिटांत शून्याला टेकला आणि काढणारे पसार. त्या कुटुंबातला गद्दार कोण?

डोजकॉइन हे मीम कॉइन 2013 पासून टिकलं, हे मात्र खरं. 2014 मध्ये ते नाणं बाळगणाऱ्या मंडळींनी सोचीच्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी जमैकाच्या बॉबस्लेड (बर्फावरच्या घसरगाडीच्या) संघाला आणि आपल्या घसरगाडीपटू शिवा केशवनलाही पैसे जमवून दिले. पण तेव्हा त्या नाण्याला एक रुपयाही कोणी देत नव्हतं. लोक ते गमतीने एकमेकांना वाटायचे. श्रीमंत व्हायला फारसं कोणी आलं नव्हतं. ते काढणाऱ्या दोघांपैकी बिली मार्कसने 2015 मध्ये आपल्याकडचं सगळं विकलं. जुनी होंडा सिव्हिक येईल एवढेच पैसे मिळाले, असं तोच सांगतो. फॉरवर्डच्या हिशेबाने तोही गद्दारच.

अमेरिकेची 'मान्यता' म्हणजे फेब्रुवारी 2025 मधलं तिथल्या एसईसीच्या, म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, अधिकाऱ्यांचं निवेदन. त्यात म्हटलंय की अशी नाणी हौसेने जमवायच्या वस्तूंसारखी आहेत, रोखे (शेअर, बाँडसारखी गुंतवणूक) नाहीत, म्हणून घेणाऱ्याला रोखे कायद्याचं संरक्षण नाही. याला आमच्याकडे हात वर करणं म्हणतात.

फॉरवर्डमध्ये कराचा तर उल्लेखच नाही. आपल्याकडे 1 एप्रिल 2022 पासून अशा नाण्यांच्या नफ्यावर 30 टक्के कर, वर एका नाण्यात बुडालेले पैसे दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाहीत. तालुक्याच्या कोणत्याही सीएला विचारा.