मनगट, दाराबाहेरचा पहारा आणि 'के-ड्रामाच्या ७ खुणा'

"खरं प्रेम करणारा मुलगा कसा ओळखायचा? के-ड्रामाने शिकवलेल्या ७ खुणा" असा एक मराठी मेसेज सध्या फिरतोय. (के-ड्रामा म्हणजे कोरियन मालिका.) आधी रील म्हणून फिरला, मग तोच मजकूर व्हॉट्सॲपवर आला. अकरावीतल्या भाचीने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, "मावशी, हे किती खरंय ना?" नाही, खरं नाही. यातल्या दोन खुणा तर धोक्याच्या आहेत, आणि लिहिणाऱ्याने ज्या मालिकांची नावं घेतली आहेत त्या शेवटपर्यंत पाहिलेल्या दिसत नाहीत.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल त्यांच्यासाठी सातही खुणा थोडक्यात. १) तो मनगट धरून तुला ओढून नेतो. २) तू नाही म्हटलंस तरी घराबाहेर रात्रभर थांबतो. ३) वरून उर्मट, आतून हळवा असतो आणि तुझ्या प्रेमाने बदलतो. ४) खरा चांगला असतो तो सेकंड लीड, म्हणजे नायिका ज्याला मिळत नाही तो दुसरा नायक, पण नायिकेला ते कधीच कळत नाही. ५) नायिका साधीभोळी असते म्हणूनच आवडते. ६) नायक मोठ्या घराण्याचा वारस असतो. ७) पहिलं प्रेम तेच खरं. शेवटी एक ओळ: "कोरियात मुलं खरोखर अशीच असतात."

पहिल्या दोन खुणांवर सविस्तर बोलायला हवं, कारण त्या वाचून कोणी मुलगी खरंच काहीतरी सहन करून बसेल.

मनगटाचं दृश्य कसं बांधतात ते आधी बघा. त्याआधीच्या मिनिटात नायिकेला कोणीतरी अपमानित करत असतं: श्रीमंत मुलाची आई, ऑफिसातला साहेब, जुना प्रियकर. मग नायक येतो, मनगट धरतो, पाठ फिरवून चालू लागतो. तेच पकडणं दोन-तीन कोनांतून पुन्हा दाखवतात, वेग कमी करतात आणि नेमकं तिथेच मालिकेचं गाणं सुरू होतं. आधी संकट मांडून ठेवलेलं असल्यामुळे ओढून नेणं हे सोडवून नेणं वाटतं. हेच दृश्य एकदा आवाज बंद करून बघा. गाणं गेलं की तिची पावलं दिसतात, ती मागे रेटत असतात. सबटायटल वाचा, तिथे बरेचदा "सोड मला" असंच लिहिलेलं असतं. दोन्ही नायक तिचं एकेक मनगट धरून उभे आहेत आणि मधे ती, हे दृश्यही ठरलेलंच. त्यात तिला कुठे जायचंय हे कोणीच विचारत नाही.

हात धरणं आणि मनगट धरणं यांतला फरक तर कॅमेऱ्याशिवायही कळतो. हात धरला की दोघांची बोटं गुंततात आणि दोघांपैकी कोणीही हात सोडवून घेऊ शकतं. मनगट धरलं की तिच्या बोटांना धरायला काही उरतच नाही. सुटायचं कधी हे तो ठरवतो.

मग कोरियन लेखक असं लिहीतच का आले? कारण साधं आहे. ही टीव्ही वाहिन्यांवर घरच्यांसोबत रात्री बघायची मालिका. पहिलं चुंबन साधारण सातव्या-आठव्या भागापर्यंत लांबवायचं असतं आणि तिसऱ्या-चौथ्या भागात दोघांत काहीतरी घडल्यासारखं तर दिसायला हवं. मनगट हा त्यावरचा स्वस्त उपाय होता. ती लेखनातली सोय होती. तिच्यावरून मुलाची पारख करायची नसते.

दुसरी खूण तर याहून वाईट: नकारानंतरही दाराबाहेर थांबणं, आणि त्याला निष्ठा म्हणणं. "कोरियात मुलं अशीच असतात" म्हणणाऱ्याने कोरियाचा कायदा बघायचा होता. दक्षिण कोरियाच्या संसदेने मार्च २०२१ मध्ये पाठलागाविरुद्धचा स्वतंत्र कायदा मंजूर केला आणि तो २१ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाला. असं विधेयक तिथे पहिल्यांदा १९९९ मध्ये मांडलं गेलं होतं, म्हणजे २२ वर्षं गेली. तोवर हा किरकोळ गुन्हा होता, फार तर १ लाख वॉन दंड, आपले साधारण सहा-साडेसहा हजार रुपये. नव्या कायद्यात काय काय येतं ते वाचा: समोरच्याच्या इच्छेविरुद्ध, योग्य कारणाशिवाय, भीती किंवा अस्वस्थता वाटेल अशा रीतीने मागे जाणं, वाट अडवणं, घराच्या, शाळेच्या किंवा कामाच्या ठिकाणाजवळ थांबणं किंवा नजर ठेवणं, फोन-मेसेज करत राहणं, दाराशी वस्तू ठेवणं. हे सतत किंवा वारंवार केलं तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ कोटी वॉनपर्यंत दंड. हत्यार जवळ असेल तर ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ कोटींपर्यंत दंड. ही यादी आणि त्या मेसेजमधली दुसरी खूण शेजारी ठेवून वाचा.

एवढ्यानेही भागलं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सोलच्या सिनदांग मेट्रो स्टेशनात एका तरुण कर्मचारी मुलीचा खून झाला. मारणारा तिचा आधीचा सहकारी होता, तिचा पाठलाग केल्याच्या खटल्यात दुसऱ्या दिवशी त्याला शिक्षा सुनावली जाणार होती. तोवर कायद्यात एक पळवाट होती: पीडितेने "शिक्षा नको" म्हटलं की खटला संपायचा, त्यामुळे आरोपी तिच्यावर दबाव आणत राहायचे. २०२३ मध्ये ती काढून टाकली. ज्या देशाच्या नावाने आपल्याकडच्या मुलींना "थांबतो म्हणजे प्रेम करतो" सांगितलं जातंय, त्या देशातल्या मुलींनी हे सोसलं आहे. आणि आपल्याकडेही पाठलाग २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली. मुलीने स्पष्टपणे रस नसल्याचं दाखवल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क करणं त्यात येतं.

कोरियन मालिकांनी हे स्वतःही ओळखलं आहे. २०१८ ची 'समथिंग इन द रेन' घ्या. सोन ये-जिनच्या पात्राचा जुना प्रियकर नकार ऐकत नाही, मागे लागतो, शेवटी तिला गाडीत घालून बेफाम गाडी चालवतो. तो भाग बघताना कोणालाही गुदगुल्या होत नाहीत, भीती वाटते. थांबणं, फोन, "मला फक्त बोलायचंय" हे सगळं तेच. फरक इतकाच की तिथे मागे गोड गाणं वाजत नाही.

तिसरी खूण, उर्मट पण हळवा नायक. इथे मेसेजमध्ये 'बॉईज ओव्हर फ्लॉवर्स'मधल्या गू जुन-प्योचं नाव आहे. २००९ ची, २५ भागांची ही मालिका खूप जणींची पहिली, तिच्यावर जीव असणं मी समजू शकते. पण पहिल्याच भागात काय आहे? जुन-प्यो आणि त्याच्या टोळक्याने लाल कार्ड (म्हणजे याला सगळ्यांनी छळा) दिलेला एक मुलगा छळाला कंटाळून शाळेच्या गच्चीवरून उडी मारायला निघालेला असतो. त्याला वाचवते कपडे पोचवायला आलेली नायिका जान-दी. पुढे तेच लाल कार्ड तिला मिळतं. मग जुन-प्यो तिला उचलून आपल्या बंगल्यावर आणवतो आणि तिला विचारल्याशिवाय तिचे कपडे, केस, चेहरा सगळं बदलून टाकतो. पुढे तो बदलतो, मान्य. पण त्या बदलाला लेखकाने २५ भाग दिलेत आणि निकाल आधीच ठरवलाय. खऱ्या आयुष्यात कोणत्याही मुलीला पटकथा आधी वाचायला मिळत नाही.

आणि हळवा नायक हवाच असेल तर उर्मटपणाची अट कशाला? 'क्रॅश लँडिंग ऑन यू'चा री जोंग-ह्योक घ्या. बीन्स कढईत भाजून, हाताने दळून तो नायिकेला कॉफी करून देतो. तिने सुगंधी मेणबत्ती मागितली तेव्हा त्याला कळलं नव्हतं, साधी आणली होती. नंतर ती बाजाराच्या गर्दीत हरवते तेव्हा तो सुगंधी मेणबत्ती उंच धरून उभा राहतो, ती ते पाहून त्याच्याकडे येते. ओढाओढ नाही. 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स'मधला ग्वान-शिक पुरुषांच्या पंगतीत बसलेला असताना सरळ पाठ फिरवून बायको-मुलीच्या ताटाकडे तोंड करून जेवतो. जुन्या काळातल्या जेजू बेटावर, स्वतःच्या आईसमोर. अशी खूण या यादीत का नाही?

चौथी खूण, सेकंड लीड. हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय, आणि इथे अर्धं सत्य आहे हे नाइलाजाने मान्य करते. सेकंड लीड जास्त चांगला वाटतो, कारण तो तसाच लिहिलेला असतो. मुख्य नायकाला १६ भागांत बदलायचं असतं, म्हणून सुरुवातीला त्याच्यात दोष ठेवावे लागतात. दुसऱ्याला बदलायचंच नसतं. तो पडद्यावर येतो तो बहुतेक ती रडत असताना, त्यामुळे आपल्याला तो धीर देतानाच दिसतो. शिवाय त्याच्या मनातलं आपल्याला माहीत असतं, तिला नसतं. मग आपण तिच्यावर चिडतो.

पण म्हणून नायिका आंधळी? २०२० च्या 'स्टार्ट-अप'वरून अजून भांडणं होतात, मेसेजमध्येही हान जी-प्योंगचं नाव आहे. किम सुन-होने तो अप्रतिम केलाय आणि पहिल्याच भागात लेखिकेने त्याला इतकी मोठी पार्श्वभूमी दिली की मुख्य नायक दो-सान नंतर आला तेव्हा फिका वाटला. ही पटकथेची चूक आहे, मी ती झाकणार नाही. तरी हिशोब करा. नायिका दल-मीला तिच्या आजीच्या सांगण्यावरून पत्रं लिहिली ती जी-प्योंगने, पण दुसऱ्याच मुलाच्या नावाने, वर्तमानपत्रात दिसलेल्या नावाने. सत्य सांगायची वेळ आली तेव्हा त्याने खऱ्या दो-सानला शोधून ते खोटं आणखी लांबवलं. एका स्टार्ट-अपबद्दल तो इतकं कठोर बोलला की त्या माणसाने जीव दिला, आणि त्याचा भाऊ पुढे दो-सानच्याच टीममध्ये असतो. शेवटी दो-सान तीन वर्षं अमेरिकेत असताना जी-प्योंग तिच्या शहरात, तिच्या आजीच्या घरी येऊन-जाऊन होता. तीन वर्षं! तरीही ती त्याच्याकडे वळली नाही, म्हणजे तिला तो तसा नको होता. यात कळण्या-न कळण्याचा प्रश्न कुठे आला?

'रिप्लाय १९८८'चं दुःख मोठं आहे, कबूल. पण त्यातला सेकंड लीड जोंग-ह्वान, त्याने स्वतःच उत्तर दिलंय. लाल सिग्नलवर गाडी अडकते, तो पोचतो तेव्हा दुसरा मित्र तेक आधीच नायिका दोक-सनसमोर उभा असतो, तोही आपला बदुकचा (पटावरच्या एका खेळाचा) सामना सोडून. आणि जोंग-ह्वान मनात सिग्नलला दोष देत नाही, आपल्या असंख्य वेळच्या डळमळीतपणाला देतो. नंतर अंगठी काढून तो सगळं सांगतो आणि लगेच ती चेष्टा होती म्हणून उडवून लावतो. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मुलगी कसं देणार? आणि सेकंड लीड "नेहमी" चांगला म्हणणाऱ्यांनी 'विंटर सोनाटा' पुन्हा बघावी. त्यातला सभ्य, सगळ्यांना आवडणारा सांग-ह्योक नायिका यू-जिनला हॉटेलच्या खोलीत नेऊन जबरदस्ती करायला जातो, ती पळून सुटते.

पाचवी खूण, भाबडी नायिका. जुन्या मालिकांबद्दल थोडंफार चालेल. 'स्ट्राँग गर्ल बोंग-सून'ची नायिका गुंडांना उचलून फेकते. 'बिकॉज धिस इज माय फर्स्ट लाइफ'ची जी-हो घरभाड्याच्या अडचणीतून कराराचं लग्न करते, सासरच्या श्राद्धाच्या स्वयंपाकात राबावं लागलं तर त्याची परतफेड म्हणून नवऱ्याला नामहेला आपल्या माहेरी किमची (कोबीचं कोरियन लोणचं) घालायला पाठवते. तिला भोळी कोण म्हणेल?

सहावी, श्रीमंत वारस. हो, चेबोल (बड्या उद्योगपतींच्या) घराण्यातले नायक खूप आहेत, आकर्षण आहेच. पण 'क्वीन ऑफ टिअर्स'मध्ये वारस बायको आहे, नवरा गावाकडचा वकील, आणि तिच्या घरच्या श्राद्धाचा स्वयंपाक उच्चशिक्षित जावई करतात.

सातवी, पहिलं प्रेम. हे बरंचसं 'विंटर सोनाटा'ने रुजवलं. २००५ च्या 'माय लव्हली साम-सून'ने तेव्हाच ते मोडलं होतं. नायकाचं पहिलं प्रेम ही-जिन आजारातून बरी होऊन परत येते, चांगली मुलगी आहे, प्रेक्षकालाही आवडते, तरी तो शेवटी केक बनवणाऱ्या तिशीच्या साम-सूनकडे जातो. शेवटच्या भागाला कोरियात ५० टक्क्यांच्या वर रेटिंग होतं. (२०२४ मध्ये ती १६ भागांची मालिका ८ भागांत नव्याने संकलित करून आली, तेव्हा चर्चा झाली ती त्या नायकाच्या आरडाओरड्याची आणि ओढाताणीची.) आणि 'रिप्लाय १९८८'ची दोक-सन? तिला आधी सन-वू आवडायचा, मग जोंग-ह्वान, लग्न केलं तेकशी.