‘बिली इलियट’ एकतर्फी आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. ‘बिली इलियट’ ही बॅले शिकू पाहणाऱ्या एका खाणकामगाराच्या मुलाची संगीतिका. तुमचा आक्षेप असा, की ती ब्रिटनमधला १९८४-८५चा खाणसंप एकतर्फी रंगवते: खाणी तोट्यात होत्या हे झाकते, कामगारांचं देशव्यापी मतदान न घेता संप चालवणाऱ्या खाणकामगार संघटनेच्या स्कारगिल यांना मोकळं सोडते, तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाईंची टवाळी करते आणि संपफोड्यांना खलनायक ठरवते.

मतदानाचा मुद्दा बिनतोड आहे. त्यावरूनच नॉटिंगहॅमशायरचे बहुतेक कामगार कामावर जात राहिले आणि पुढे संघटना फुटली. नाटकात हे येत नाही, कारण ते ईशान्य इंग्लंडच्या डरहॅममधल्या एका खाणगावाच्या नजरेतून घडतं. सरकारी कोळसा मंडळ वीस खाणी बंद करणार, वीस हजार नोकऱ्या जाणार, ही बातमी त्या गावाने मार्च १९८४मध्ये ऐकली होती. अशा गावाने नाताळच्या कार्यक्रमात थॅचरबाईंच्या नावाने शिमगा केला, तर त्यात खोटं काय?

पण संपफोड्यांबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मला अजिबात पटलेलं नाही. दुसऱ्या अंकात बिलीचा बाप, जॅकी, स्वतःच संप मोडून कामावर जायला निघतो. पोराला बॅले शाळेच्या ऑडिशनसाठी लंडनला न्यायचं तर पैसे हवेत. थोरला मुलगा टोनी कट्टर संपकरी. बापलेकांची तिथे जी जुंपते, तिच्यात दोघांचंही खरं आहे. मग संपकरी खिशात असेल नसेल ते काढून देतात. आणि तेवढ्यात कामावर परतलेला एक जण येऊन शेकडो पाउंड पुढे करतो. टोनी भडकतो, पैसे झिडकारायला बघतो, पण त्याच्या बाजूने कुणीच तोंड उघडत नाही! ती गप्प उभी राहिलेली माणसं पाहून माझ्या पोटात कालवलं. संपाने शेजाऱ्याशेजाऱ्यांत काय करून ठेवलं, ते लेखक ली हॉल यांनी इथे एकही भाषण न देता दाखवलं आहे. एकतर्फी लेखकाने हा माणूस रंगमंचावर आणलाच नसता.

राहिला तोट्याचा प्रश्न. काही खाणी तोट्यात होत्या, हे खरंच. पण त्या हिशेबात गावं धरलीच नव्हती. डरहॅममधल्या ईझिंग्टनची खाण १९९३मध्ये बंद झाली. तिथे खाण होती म्हणून गाव होतं. दुसरा रोजगार उभा करण्याआधीच कुलूप लागलं. डिसेंबर २०१५मध्ये केलिंग्लीची खाण बंद पडली आणि ब्रिटनमधल्या खोल कोळसा खाणी संपल्या.

२०१४मध्ये लंडनच्या प्रयोगाचं चित्रीकरण झालं आहे. त्यात तो पैशांचा प्रसंग पुन्हा पाहा आणि तुमचं मत जरूर कळवा.