‘ऑल व्हील ड्राइव्हला टायर रोटेशन लागत नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी टायर मोजावेत

पांढरकवड्याच्या माझ्या साळ्याने गेल्या आठवड्यात एक मेसेज पाठवला. तोच मेसेज गावातल्या तीन ग्रुपवर आधीच फिरून आला होता. मजकूर असा: ऑल व्हील ड्राइव्हमध्ये चारही चाकांना सारखी ताकद मिळते, म्हणून टायर सारखेच झिजतात, रोटेशन (म्हणजे पुढचे-मागचे टायर आपसांत बदलणं) हा गॅरेजवाल्यांचा धंदा आहे, टायर बदलायचे तर दोनच घ्या आणि पुढे बसवा, उन्हाळ्यात हवा कमी ठेवा. खाली साळ्याची ओळ: “भाऊजी, दोन टायर घेऊन टाकतो, पैसे वाचले!”

मी डोक्याला हात लावला आणि टायरच्या नक्षीची खोली मोजणारं गेज घेऊन त्याच्या अंगणात गेलो. गाडी २५ हजार किलोमीटर चाललेली, रोटेशन एकदाही नाही. पुढच्या टायरांची नक्षी साडेतीन मिलिमीटर उरलेली, मागच्यांची सहा. कुठे गेली सारखी झीज? आपल्याकडच्या अशा बहुतेक गाड्या एरवी पुढच्या चाकांवरच चालतात. पुढचं चाक घसरलं की मागच्याला जोर मिळतो. इंजिनाचं वजन पुढे, वळण पुढे, ब्रेकचा मोठा भार पुढे. त्यात कापसाच्या दिवसांत पांदणीवरचा मुरूम आणि गोटे.

आता ‘दोनच घ्या’. या सल्ल्यावर मला खरा राग आहे, कारण यात गाडी खराब होते. जपानची सुबारू कंपनी वर्षानुवर्षं अशाच गाड्या बनवते. तिचं सांगणं आहे की चारही टायरांच्या घेरात पाव इंचाहून जास्त फरक नको. पाव इंच घेर म्हणजे नक्षीत जेमतेम एक मिलिमीटर. साळ्याच्या गाडीत फरक अडीचचा! लहान झालेलं पुढचं चाक किलोमीटरला तीनहून जास्त फेरे जादा मारतं. नागपूरला पोचेपर्यंत पाचशेच्या आसपास. पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारं कपलिंग हा फरक घसरत सोसतं आणि तापतं. ते गेलं की चार टायरांचे पैसे परवडले म्हणायची वेळ येते. आणि पुढे दोन नवे आठ मिलिमीटरचे बसवले तर मागे सहाच. फरक जवळपास तेवढाच, फक्त उलटा. वर पावसात मागची पकड कमी पडून गाडीची शेपटी फिरते ते वेगळंच. म्हणूनच दोनच टायर घ्यायची वेळ आली तर टायर कंपन्याही नवे मागे बसवा म्हणतात.

हवेचं थोडक्यात: कमी हवेत टायरची बाजू जास्त दबते आणि जास्त तापते. मे महिन्यात ४५ अंशांत टायर फुटायला तेवढं पुरे. दारापाशी स्टिकरवर लिहिलेली हवा भरा, आणि सकाळी टायर थंड असताना भरा.

एक गोष्ट मान्य करतो, मनाविरुद्ध. नुसत्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीपेक्षा या गाडीची झीज थोडी समान असते, हे खरं. आणि रोटेशनच्या नावाखाली दरवेळी अलाइनमेंटही (चाकांचे कोन जुळवणं) गळ्यात मारणारे गॅरेजवाले आहेत. गाडी एका बाजूला ओढत नसेल, टायर एका कडेने झिजत नसेल, तर सरळ नको म्हणा.

मग रोटेशन कधी? दर ८ ते १० हजार किलोमीटरला. आपल्या रस्त्यांवर ८ हजारच धरा. मधे कधी पुढच्या-मागच्या नक्षीत एक मिलिमीटरचा फरक दिसला तर आकड्याची वाट पाहू नका. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर त्याच बाजूला पुढचा मागे आणि मागचा पुढे. बाण नसेल तर गाडीच्या पुस्तकातल्या चित्राप्रमाणे. स्टेपनी त्याच मापाची असेल तरच तिला या फेऱ्यात घ्या.

साळ्याला आता चारही टायर घ्यावे लागणार. १० हजाराला एकदा आणि २० हजाराला एकदा चाकं पुढे-मागे केली असती तर आज चारही पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास असती आणि हा पावसाळा सहज निघाला असता. तो मेसेज त्याने ग्रुपवरून काढला आहे. बाकी दोन ग्रुपवर अजून आहे.